सतरा नंबरचा शेंदूर

डोमाजी वानखडे यांच्या घरी मीठ कुठं आहे हे पाहुण्याला विचारावं लागत नाही. डब्यावर 'मीठ' असं लिहिलेलं असतं. साखरेच्या डब्यावर 'साखर', डाळीच्या डब्यावर 'तूर', आणि फ्रिजमागच्या बटणावर 'हे बंद करू नये'. अक्षर गोल आणि टपोरं, कागद जुन्या डायरीचा, वरून चिकटपट्टी. मुलगी रश्मी अमरावतीला कॉलेजात शिकवते. ती सुटीत अकोल्याला आली की बापाला डिवचते, "बाबा, एक चिठ्ठी माह्या पाठीवर बी लावून द्या." डोमाजी चष्म्यावरून पाहतात आणि म्हणतात, "ज्याले झाकन असते त्याले चिठ्ठी लागते. तुह्या तोंडाले झाकन कुठं हाय?"

ही खोड त्यांना सरकारी नोकरीत लागली. वडील जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे, आई चतुराबाई लोकांच्या शेतात निंदायला जायची. दोघांनी पोटाला चिमटा काढून पोराला आयटीआय करवलं आणि बाविसाव्या वर्षी डोमाजी अकोल्याच्या एका सरकारी यांत्रिकी कार्यशाळेत हेल्पर म्हणून लागले. तिथल्या तेलाच्या डब्यांवर साहेबांनी इंग्रजीत नावं लिहून ठेवली होती, आणि हेल्परांपैकी निम्मे चौथीच्या पुढं गेलेले नव्हते. व्हायचं तेच झालं. एकानं रोडरोलरच्या ब्रेकमध्ये भलतंच तेल ओतलं आणि तो रोलर कुंपणाची भिंत पाडून थेट साहेबांच्या जीपवर चढला. जीपमध्ये कुणी नव्हतं म्हणून बरं. साहेबांनी हेल्परला उभा-आडवा झाडला. डोमाजींनी दुसऱ्या दिवशी वहीचे कागद फाडून आणले आणि एकेका डब्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवली: आत काय आहे, कशासाठी आहे, कसं कालवायचं. पुढं ते फिटर झाले, हेडफिटर झाले, तरी चिठ्ठ्या तेच लिहीत राहिले. खाली नाव मात्र कधी घातलं नाही. त्या कार्यशाळेत कागदावर नाव असायचं ते साहेबाचं, आणि चिठ्ठी डब्याची असते, आपली नसते, असं त्यांचं म्हणणं होतं.

निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली. मोर्णा नदीच्या पलीकडं, जुन्या शहरात, गल्लीच्या तोंडाशी घर आहे. पण माणूस घरी सापडेल तर शपथ. अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत कुणाचं काही अडकलं, पंपाचा शाफ्ट असो की ट्रॅक्टरचं चाक, की डोमाजींचा फोन वाजतो. त्यांना याचा गर्व आहे आणि तो लपवण्याची त्यांना गरज वाटत नाही. "न निघनारी वस्तू आजवर मी पाह्यली नाई," ते सरळ सांगतात. "लोखंड सोताहून अडकत नाई. कोनीतरी गाढवपना केला असते. तो गाढव सापडला का वस्तू निघालीच समजा." हा गाढव शोधून काढण्यात त्यांना पाना फिरवण्यापेक्षा जास्त मजा येते, हे त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

एप्रिलात एका सकाळी असाच फोन आला. टाकळीचा गजेंद्र बोलत होता. घरी जुना डोझर आहे, तीन वर्षं बंद पडून आहे. डिझेलचा फिल्टर तुंबलाय. इंजिन घरघरतं आणि बंद पडतं. नवा फिल्टर आणून ठेवलाय, पण जुना ज्या लोखंडी डब्यात बसतो ती हाउसिंगच उघडत नाही. तीन मेकॅनिक येऊन गेले, तिघांनी हात टेकले.

"आज चार वाजता भंगारवाला ट्रक घेऊन येऊन राह्यला, काका," गजेंद्र म्हणाला. "माझं तं ठरलं होतं. पन मायनं जीव खाल्ला, म्हनून अखरीचा फोन तुमाले. चालू झाली तं ठेवतो, शेततळ्यातला गाळ काढाले कामी येते. नाई झाली तं चार वाजता जाते."

"चार वाजता त्या ट्रकवाल्याले चहा पाजून वापस पाठवजो," डोमाजी म्हणाले आणि सामानाची पिशवी उचलून दर्यापूरच्या बसमध्ये बसले.

गजेंद्रनं त्यांना फाट्यावरून मोटारसायकलवर घेतलं. पस्तिशीचा, धडधाकट, घाईच्या स्वभावाचा माणूस. पूर्णेच्या काठचा हा सगळा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात घालवत नाही, म्हणून गोड पाण्यासाठी जागोजाग शेततळी. रस्त्यानं दोन्ही बाजूंना तळी दिसली की गजेंद्र मान वळवून सांगायचा, "हे आमच्या बाबानं खोदलं. हेबी." त्याचे वडील नत्थुजी तीन वर्षांमागं गेले. ते गेले आणि महिनाभरात त्यांची मशीनही बंद पडली, हे त्यानं जरा वैतागूनच सांगितलं, जणू दोघांनी संगनमत केलं होतं.

मशीन खळ्याशेजारी कडुनिंबाखाली उभी होती. डोमाजी मोटारसायकलवरून उतरले, चार पावलं चालले आणि थांबले. पुढच्या पात्याच्या डाव्या भुजेवर एक जाड, वेडावाकडा वेल्डिंगचा सांधा होता. तो सांधा त्यांनीच मारला होता, भर उन्हात, तळेगावच्या धरणावर.

"अरे, ही तं आमची सतरा नंबर!"

एकोणीस वर्षं या डोझरची देखभाल त्यांनी केली होती. कार्यशाळेनं बारा वर्षांमागं तिला लिलावात काढलं तेव्हा डोमाजींना ते बघवलं नव्हतं. त्याच गडबडीत त्यांचं सामानाचं एक डबडंही गडप झालं होतं. त्यावरून स्टोअरकीपर पंजाबरावांशी त्यांचं असं वाजलं की दोघांची बोलाचाली अजून बंद आहे. आता सतरा नंबर अशी अचानक समोर उभी राहिल्यावर त्यांचा आनंद पोटात मावेना. त्यांनी तिच्या साखळीच्या पट्ट्यावर थाप मारली आणि गजेंद्रकडं वळून म्हणाले, "हिची नस न् नस मले माहीत हाय. अर्ध्या घंट्याचं काम."

मग ते इंजिनाच्या बाजूला गेले आणि हाउसिंगनं त्यांच्याकडं पाहिलं.

खरोखरच पाहिलं. सतरा नंबरची हाउसिंग इंजिनाच्या उजव्या अंगाला उभी असते, तांब्याएवढी, वरून गोल. खालची बैठक बिडाची आणि वर आट्यांवर फिरवून बसवलेलं पोलादी टोपण. इथं ना बैठक दिसत होती ना टोपण. सगळ्यावर बोटभर जाडीचा शेंदूर चढलेला आणि त्यावर चांदीचे दोन डोळे बसवलेले. समोर वाळलेली झेंडूची फुलं.

"माय दरसाल दसऱ्याले मशीनची पूजा करते," गजेंद्र म्हणाला. "पह्यला मेकॅनिक आला त्यानं हे पाह्यलं, हात जोडले न् निघून गेला. दुसऱ्यानं पाना लावला, पाना सटकला न् त्याचं बोट फुटलं. तो म्हने देव कोपला. तिसऱ्यानं छिन्नी काढली, त्याले मायनं हाकललं."

डोमाजींनी चष्मा पुसला आणि वाकून शेंदराला नख लावलं. नख घसरलं. पेचकसाच्या टोकानं टोकरून पाहिलं, तर ओरखडासुद्धा उठेना. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. देवाचा शेंदूर त्यांनीही पाहिलेला होता. तुपात नाहीतर तिळाच्या तेलात कालवलेला शेंदूर कितीही जुना झाला तरी नखानं उकरतो. हा तर दगड झाला होता, आणि ओघळून टोपणाच्या खालच्या आट्यांमध्ये शिरून बसला होता. असा शेंदूर होण्याचा रस्ता एकच, आणि तो फिटर लोकांनाच ठाऊक असतो. डोमाजींना एकदम हुरूप आला. गाढवाचा माग लागला होता.

"हे तं जवसाच्या तेलात कालवलं हाय!" ते ओरडले. "जवसाचं तेल वाळते, गजेंद्र. शेंदूर न् जवसाचं तेल म्हनजे सिमिट! पाइपाचे सांधे भराचा मसाला हाय तो. आमी त्यानं डिझेलच्या लाइनी बंद करत होतो. तो कोनी देवाले फासते का? कोन्या महामूर्खाचं डोकं हे?"

"माहं," मागून आवाज आला.

सुभद्राबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. साठीच्या आसपासच्या, उंच, करड्या नजरेच्या. हाताला पिठाचे डाग होते, कारण घरात उडदाच्या पापडांचा घाट पडला होता. डोमाजींनी जीभ चावली.

"मी लावला, भाऊ, अकरा दसरे," सुभद्राबाई म्हणाल्या. "न् जवसाच्या तेलात कालवा असं मले कोनी तोंडी नाई सांगतलं. लिवून ठेवलं होतं."

"कोनी लिवलं?"

"मले काय माहीत? मशीन घरी आली तवा तिच्या सामानाच्या पेटीत शेंदराचा डबा होता. वर चिठ्ठी. आमी म्हटलं, सरकारी लोकबी मशीनची पूजा करत असतीन. चांगलं भाविक मानूस दिसते, कसं कालवाचं ते बी लिवून ठेवलं. डबा सरला तवा मी अकोल्याहून शेंदूर आनला, पन चिठ्ठी नाई मोडली. जवसाचं तेल घानीवरून आनत होती मी, मुद्दाम."

"मंग तो चिठ्ठीवाला महामूर्ख," डोमाजींनी निकाल दिला. "आना तो डबा. पाहू तं द्या."

सुभद्राबाई आत गेल्या. डोमाजींनी चहा घेतला आणि गजेंद्रला कामाचा बेत समजावून सांगितला. हातोडी चालणार नाही, कारण खालची बैठक बिडाची आहे. एक घाव चुकीचा बसला तर तडकेल, आणि या मशीनची बैठक आता जगात कुठं मिळत नाही. दिवा लावून तापवताही येणार नाही, शेजारून डिझेल वाहतं. शेंदूर आधी मऊ करून उतरवायचा, मग टोपण फिरवायचं. मात्र आईची परवानगी लागेल.

"आमच्या आज्यानं छप्पन साली देव सोडले," ते म्हणाले. "मी कोनापुढं शेंदूर पाहून हात जोडत नाई. पन तुही माय ज्याच्यापुढं हात जोडते त्याले मी तिले न इचारता हात बी लावत नाई. हे माहं पक्कं हाय."

सुभद्राबाई डबा घेऊन आल्या तेव्हा हे त्यांनी ऐकलं होतं. तरी त्यांनी मान हलवली. "नाई भाऊ. तुमी बोलले चांगलं, पन नाई. माह्या लग्नाच्या वर्षी गावच्या मारुतीचं शेंदराचं कवच निघालं होतं. ते सोताहून निघालं, तवा गुरवानं ते वाजतगाजत पूर्णेत सोडलं. इथं तुमी उकरून काढान. गजेंद्रच्या बाबानं आठ वर्सं याच्या पाया पडून मशीन चालू केली. मी नाई उकरू देनार."

"माय, मंग चार वाजता हे देवासगट भंगारात जाते," गजेंद्र म्हणाला.

सुभद्राबाईंचा चेहरा पडला. नवऱ्याची मशीन ठेवायची तर देव उकरायचा, आणि देव ठेवायचा तर दोन्ही ट्रकमध्ये. त्यांनी डबा डोमाजींच्या हातात दिला आणि निंबाच्या मुळावर जाऊन बसल्या.

डोमाजींनी डबा फिरवून पाहिला. कागद पिवळा पडला होता, चिकटपट्टी खाकी झाली होती, पण अक्षर शाबूत होतं. गोल, टपोरं. 'शेंदूर. जवसाच्या तेलात कालवणे. चांगला दाट थर लावणे. एक दिवस वाळू देणे.'

त्यांची कानशिलं तापली. लिलावाआधीच्या शेवटच्या आठवड्यात सतरा नंबरच्या डिझेलच्या पाइपाचा एक सांधा भरायचा होता. तो भरला आणि डबा मशीनच्या पेटीतच ठेवून ते जेवायला गेले. तो डबा. ज्याच्यावरून बिचाऱ्या पंजाबरावांना त्यांनी चारचौघांत चोर म्हटलं, तो डबा.

आता खरी अडचण होती. चिठ्ठीवर नाव नव्हतं. डोमाजींनी डबा खाली ठेवून दिला असता तर जन्मात कुणाला कळलं नसतं. घरी जाऊन सांगता आलं असतं, काम होत होतं, पण बाईनं हात लावू दिला नाही. आणि बोलावं तर अकरा वर्षं आपण पाइपाच्या मसाल्याची पूजा केली हे या बाईला कळणार. शिवाय दोन वेळा महामूर्ख म्हणून झालं होतं, तेही मोठ्यानं. डोमाजींना आपल्या अक्षराची आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. पण ज्यानं अडकवलं त्याचं नाव बाहेर काढायचं, हा त्यांचा सगळ्या जन्माचा धंदा होता, आणि आज नाव आपलं निघालं म्हणून धंदा बदलणं त्यांना जमेना.

ते निंबाखाली गेले. "बाई, तो महामूर्ख सापडला," ते म्हणाले. "मीच हाय. हे अक्षर माहं."

गजेंद्र पोट धरून हसायला लागला. सुभद्राबाई हसल्या नाहीत.

"म्हनजे हे देवाचं नव्हतं?"

"नाई. डिझेलच्या पाइपाचा सांधा भराचा होता, गळू नये म्हनून. डबा मी इसरलो. तुमाले फसवाचं काई मनात नव्हतं, पन फसल्या तुमी माह्यापाईच. माफी मागतो."

सुभद्राबाई मशीनकडं वळल्या. मग त्यांनी विचारलं, "मंग गळलं का?"

"काय?"

"डिझेल. अकरा वर्सात."

डोमाजींनी जाऊन हाउसिंगच्या खाली बोट फिरवलं. तेलकट जुन्या मशीनच्या त्या कोपऱ्यात बोट कोरडं निघालं. "थेंब नाई," ते म्हणाले, आणि फिटर म्हणून त्यांना मनातून बरंही वाटलं.

"मंग झालं तं! ज्याच्यासाठी तुमी लिवलं तेच काम मी करत होती." सुभद्राबाई उठल्या. आवाजात आता कणीक तिंबणाऱ्या बाईचा जोर आला होता. "तुमाले एक सांगतो भाऊ. दसऱ्याले मशीनपुढं नारळ फुटला का आमचे हे एक तुकडा बाजूले काढत. म्हनत, हा त्या चिठ्ठीवाल्याचा. कोन हाय मालूम नाई, पन मानूस कामाचा असन, दुसऱ्यासाठी लिवून ठेवते. दरसाल काढत, ते गेल्यावर मी काढतो. मंग तो तुकडा कावळा नाईतं खार नेत असे."

डोमाजींनी उगाच चष्मा काढून पुन्हा पुसला.

"ज्याच्या सांगन्यावरून चढलं त्याच्याच हातानं उतरू द्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी डोळे काढून देतो. बाकी तुमचं."

मग कामाला गती आली. सुभद्राबाईंनी हळदकुंकू वाहिलं, चांदीचे दोन्ही डोळे सुरीच्या टोकानं हलकेच सोडवले आणि पदराच्या गाठीत बांधले. डोमाजींनी विचारलं, "घरात पापडखार हाय का?" ऐन पापडाच्या दिवसांत हा प्रश्न वऱ्हाडात कुणी विचारू नये. किलोभर निघाला. चुलीवर घमेलंभर पाणी उकळत ठेवलं आणि त्यात तो सगळा खार टाकला. गोणपाटाच्या पट्ट्या त्या पाण्यात बुडवून डोमाजींनी हाउसिंगला गुंडाळल्या आणि गजेंद्रला दर दहा मिनिटांनी वरून गरम पाणी ओतायला बसवलं. वाळलेलं जवसाचं तेल कडक खारापुढं टिकत नाही, त्याचा साबण होतो. हे त्यांना कार्यशाळेतल्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं शिकवलं होतं.

दोन तास सगळं तसंच भिजत ठेवायचं होतं. तेवढ्या वेळात डोमाजींनी फोन काढला आणि बारा वर्षांनी पंजाबरावांना लावला.

"डबा सापडला," ते म्हणाले.

"कुठं?" पलीकडून आवाज आला.

"जिथं मी ठेवला होता तिथं."

पंजाबरावांनी मग जे काही ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. डोमाजींनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी पंजाबरावांनी विचारलं, "सतरा नंबर कशी हाय?" आणि दोघं पंधरा मिनिटं तिच्याबद्दलच बोलत बसले.

दीडच्या सुमाराला पट्ट्या सोडल्या. डोमाजींनी रबरी हातमोजे चढवले, शेंदरात शिसं असतं म्हणून बाकीच्यांना लांब उभं केलं, आणि बाभळीची एक चपटी काडी तासून ती शेंदराच्या कडेखाली सरकवली. लोखंडाचं हत्यार त्यांनी मुद्दामच घेतलं नव्हतं. वरचा थर लोण्यासारखा निघाला. खालचा चिवट होता. पुन्हा पट्ट्या, पुन्हा पाणी. तिसऱ्या खेपेला अख्खं कवच दोन तुकड्यांत सुटून आलं. ते नदीत सोडू नका, गुरं पाणी पितात, असं डोमाजींनी सांगितलं तेव्हा सुभद्राबाईंनी वाद घातला नाही. तुकडे फडक्यात गुंडाळून त्यांनी ठेवले, बांधाच्या कोरड्या कोपऱ्यात खोल पुरण्यासाठी. खालून सतरा नंबरचं पोलादी टोपण उघडं पडलं, अकरा वर्षांत ऊन न लागलेलं, करकरीत.

तीन वाजून गेले होते. डोमाजींनी टोपणाला चेन पाना आवळला, दांडा गजेंद्रच्या हातात दिला आणि म्हणाले, "आवळ."

"काका, उघडाचं हाय ना?"

"म्हनून तं आवळ. जरासं. आवळ्याकडं केसभर हाललं का सुटाकडंबी हालते. आतला मसाला तुटला पाह्यजे. न् झटका देऊ नोको, भार दे."

गजेंद्रनं भार दिला. डोमाजी पितळी हातोडीनं टोपणाच्या भोवती हलक्या टिचक्या मारत फिरू लागले, एक हात टोपणावर ठेवून. टिचकी मारायची, हाताला काय कळतं ते पाहायचं, पुढं सरकायचं. मागच्या आळीत एक ट्रक येऊन थांबला. भंगारवाला वेळेच्या आधीच आला होता. तो आणि त्याचा ड्रायव्हर बांधावर येऊन उभे राहिले. सुभद्राबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा हात पदराच्या गाठीवर होता.

"आता उलटं," डोमाजी म्हणाले.

काही झालं नाही. पुन्हा आवळ्याकडं, पुन्हा टिचक्या, पुन्हा उलटं. काही झालं नाही. गजेंद्रच्या मानेच्या शिरा फुगल्या आणि त्यानं दांड्याला झटका द्यायला खांदा वर केला. "झटका नाई!" डोमाजींनी असा दम भरला की ट्रकवालाही एक पाऊल मागं सरला. त्यांचा हात टोपणावरच होता. त्या हाताला काहीतरी कळलं होतं. "सुटून राह्यली," ते हळू म्हणाले. "घाई करू नोको. पानी ओत एकदा. आता दे भार."

टक्, असा बारीक आवाज झाला. टोपण केसभर फिरलं, मग बोटभर, आणि मग गजेंद्रनं पाना सोडला तर डोमाजींनी ते नुसत्या हातानं गरगर फिरवून वर उचललं. आट्यांवर लाल पूड चिकटलेली होती. बैठकीला चरासुद्धा गेला नव्हता. आत फिल्टर काळा ठिक्कर, आणि तळाशी पेलाभर पाणी.

"अर्ध्या घंट्याचं काम," गजेंद्र घाम पुसत म्हणाला.

"शेंदूर कोनी लावला नसता तं अर्ध्याच घंट्याचं होतं," डोमाजी म्हणाले, आणि आता तिघंही हसले.

पुढचं सगळं हातचं होतं. बैठक आणि आटे पुसून नवा फिल्टर बसवला, नवं रबर घातलं, टोपण हातानं फिरवून पान्यानं चतकोर फेरा दिला, तेवढाच. टाकीतलं जुनं डिझेल काढून ताजं भरलं. हातपंप मारून लाइनीतली हवा काढली, बुडबुडे संपेपर्यंत. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आणून जोडल्या. डोमाजी वर चढायला निघाले आणि थांबले.

"बाई, तुमी बसा."

"मले काय येते?"

"मी सांगतो तो खटका दाबा फकस्त."

सुभद्राबाई साडी आवरून नत्थुजींच्या जागेवर बसल्या. पहिल्या खटक्याला मशीन नुसती खाकरली. दुसऱ्याला काळ्या धुराचा लोट निंबाच्या फांद्यांत घुसला, कावळे उडाले, आणि सतरा नंबर धडधडत चालू झाली. सगळं खळं थरथरायला लागलं. सुभद्राबाई दोन्ही हातांनी दांडे धरून तशाच बसून राहिल्या आणि उघड उघड रडल्या. मशीनच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही, पण दिसलं सगळ्यांना. गजेंद्रनं ट्रकवाल्याकडं वळून खूण केली. ट्रकवाल्याला चहा मिळाला आणि तो परत गेला.

मशीन अर्धा तास चालवून बंद केली. हाउसिंगच्या खाली डोमाजींनी कोरा कागद ठेवला होता, त्यावर डाग नव्हता. सुभद्राबाईंनी मशीनपुढं नारळ फोडला. मग त्या घरातून वहीचा कागद, पेन आणि चिकटपट्टी घेऊन आल्या.

"यंदा दसऱ्याले काय लावू? लिवून द्या. तुमचं लिवलेलं मी मोडत नाई, हे तं तुमी पाह्यलंच."

डोमाजींनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. 'फक्त हळद, कुंकू आणि फूल. शेंदूर लावू नये. कोणतेही तेल लावू नये.' सुभद्राबाईंनी अक्षरावर बोट ठेवत सगळं वाचलं आणि कागद परत पुढं केला.

"नाव?"

"चिठ्ठीवर नाव नसते, बाई. चिठ्ठी वस्तूची असते."

"कावून नसते? मांगच्या चिठ्ठीवर नाव असतं तं हे गेले त्याच महिन्यात मी तुमाले बोलावलं असतं. तीन वर्सं बंद नसती राह्यली मशीन."

डोमाजींनी कागद पुन्हा गुडघ्यावर घेतला. छत्तीस वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या, हजारभर तरी असतील, आणि एवढी साधी गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि खाली लिहिलं, 'डोमाजी वानखडे, फिटर, जुने शहर, अकोला.' त्याखाली फोन नंबर.

सुभद्राबाईंनी चिठ्ठी पेटीच्या झाकणावर आतून चिकटवली. मग फुटलेल्या नारळाचा एक मोठा तुकडा उचलून त्यांनी डोमाजींच्या तळहातावर ठेवला.

"परसाद समजू नोका, नुसतं खोबरं समजा," त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं कावळा खाऊन राह्यला तुमच्या वाट्याचं."

डोमाजींनी तो तुकडा तिथंच, उभ्या उभ्या खाल्ला.